तिवरखारच्या अडतीस बारदानांचा खुलासा

प्रति,
मा. पर्यवेक्षण अधिकारी,
शालेय तांदूळ वाटप व बारदान कक्ष,
पेण-रोहा विभाग, रोहा, जि. रायगड.

विषय : अडतीस रिकामी बारदाने परत न देण्याबाबत, व त्यापायी अडवलेला बासष्ट मुलांचा तांदूळ ताबडतोब सोडण्याबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस क्र. ताव/बाक/११४/९७, दि. ८ सप्टेंबर १९९७.

महोदय,

१. उपरोक्त नोटीस मला गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मिळाली. खुलाशासाठी सात दिवस दिले आहेत, त्यातला आज पाचवा. नोटिशीत म्हटले आहे की तिवरखार शाळेकडे अडतीस बारदाने येणे आहेत, मुख्याध्यापिकेने ती खाजगी इसमांच्या हवाली केली आणि ती जमा होईपर्यंत शाळेचा तांदूळ ऑगस्टपासून स्थगित करण्यात येत आहे. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी अन्यायाची आहे आणि तिच्यासाठीच हा अर्ज लिहिते आहे. पहिल्या दोनसाठी मी माफी मागणार नाही.

२. नोव्हेंबर १९९५ पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाला दरमहा तीन किलो तांदूळ द्यावा असा आदेश आहे. आदेश चांगला आहे. मी स्वतः तो पालकांना वाचून दाखवला, तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावला होता. अट एकच, हजेरी ऐंशी टक्के हवी. त्याच आदेशाच्या शेवटच्या ओळीत मात्र असे आहे : "वाहतूक, हमाली व साठवण यांचा खर्च लोकसहभागातून भागवावा." यालाच आमच्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

३. आपण रोह्याला बसता, गोदाम पेणला आहे आणि शाळा खाडीच्या पलीकडे. याआधी मी रोहा तालुक्यात होते. तिथे सामानाचा टेम्पो शाळेच्या पायरीला लागत असे, म्हणून आदेश लिहिणाऱ्यांना खाडी दिसली नसावी. तेव्हा हा लोकसहभाग नावाचा गृहस्थ कोण, ते मी नम्रपणे कळवते.

पेण गोदामापासून बंदरापर्यंत गणपतीच्या एका कारखान्याचा टेम्पो. शाडूची पोती उतरवून रिकामा परतताना तो आमची दोन पोती फुकट टाकतो. हंगामात त्याला सवड नसते, तेव्हा मी हातगाडी करते आणि हमाली माझ्या पगारातून देते. बंदरापासून तिवरखारपर्यंत अय्यूब यांची होडी. सुट्टीचे दोन मे वगळून एकोणीस महिन्यांत त्यांनी एक पैसा घेतला नाही. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, "बाई, पोरांच्या तांदळाचा भाडा घेतला तर घरात फरझाना मला जेवाय नाय घालायची." साठवणीला कृष्णाबाई पाटील यांचा माळा, कारण शाळेचे छप्पर गळते व त्याबाबतचा माझा अर्ज तीन पावसाळे जुना आहे. या विधवा बाई आहेत, बांधालगत त्यांचे दोन एकर भात आहे. तांदूळ उंदरांपासून राखायला त्यांनी मांजर पाळले. त्याचे दूधही लोकसहभागात धरावे.

४. आता बारदानाकडे येते. रिकामी पोती गोदामात परत जमा करावीत असा पुढचा आदेश आला. परतीच्या वाहतुकीचा खर्च कोणी करायचा ते लिहिले नव्हते, परंतु आता आम्हांला सवय झाली होती. मी पहिली सहा पोती घडी घालून पेणला नेली. तिथल्या कारकुनाने सांगितले की पन्नासाच्या आत बारदान घेत नाहीत, गठ्ठा बांधता येत नाही. मी सहा पोती घेऊन ओहोटीला परत आले. तेव्हापासून पोती वर्गात कपाटामागे साठत होती. पन्नास व्हायला बारा कमी होती.

५. दिनांक ४ ऑगस्ट १९९७, सोमवार. आदल्या दिवशी अमावस्या झाली होती, त्यामुळे दुपारच्या भरतीला मोठे उधाण होते. मी चौथीला भागाकार शिकवत होते. खिडकीतून मला खाडीचे पाणी अडवणारा बांध फुटताना दिसला. आमच्याकडे याला खांड पडणे म्हणतात. सुरुवातीला ती दारातून माणूस जाईल एवढीच होती, बघता बघता बैलगाडी जाईल एवढी झाली. खारे पाणी कृष्णाबाईंच्या लावणीत शिरले. त्यामागे गावची सगळी शेती आणि शेतीमागे शाळा. खारे पाणी एकदा जमिनीत मुरले की तीन वर्षे तिथे भात होत नाही, हे आपणांस ठाऊक नसल्यास कोणत्याही शेतकऱ्यास विचारावे. मी शाळेची घंटा बडवली आणि मुलांना देवळाच्या जोत्यावर पाठवले.

६. इथे एक रिवाज सांगणे भाग आहे, कारण माझा गुन्हा त्यातूनच घडला. खांड पडली की गाव जोळ करते, म्हणजे घरटी एक माणूस पावडा नि पाटी घेऊन बांधावर येतो. कोणालाही बोलावणे धाडत नाहीत, मजुरी देत नाहीत. फक्त एक नियम पाळतात : ज्याने हाक दिली, त्याच्या घरचे सामान खांडीत पहिले पडायचे. दार, पाट, भाताची कणगी, जे असेल ते. उगाच कोणी हाक देऊ नये म्हणून जुन्या माणसांनी हे ठरवले असावे.

घंटा बडवून हाक मी दिली होती. बांधावर सत्तर माणसे उभी होती, पाणी उतरू लागले होते आणि सगळी माझ्याकडे बघत होती. विठू पाटील हे जोळीचे मुख्य, वय वर्षे सत्तर. ते म्हणाले, "बाई, हाक तुमची हाय. काय घालता ते घाला, नायतर आमचे हात नाय उठायचे." मी गावची नव्हे. माझे घर म्हणजे शाळेमागची एक खोली, तिच्यात एक खाट आणि स्टोव्ह. मी वर्गात गेले आणि कपाटामागची अडतीस पोती उचलून आणली. पहिले पोते मी स्वतः चिखलाने भरले, अय्यूब यांनी तोंड शिवले आणि आम्ही दोघांनी ते खांडीत लोटले. मग सत्तर जणांचे हात चालू झाले. दिवेलागणीपर्यंत खांड बुजली. पुढच्या भरतीला बांध टिकला आणि त्यानंतरच्या प्रत्येक भरतीला टिकला आहे.

७. म्हणून नोटिशीतल्या "खाजगी इसम" या शब्दांवर माझा आक्षेप आहे. दोन वर्षे यांच्याच होडीतून आणि माळ्यावरून आपला आदेश चालला, तेव्हा हीच माणसे लोकसहभागातले लोक होती. पोते त्यांच्या हाती गेले तेव्हा ती खाजगी कशी झाली? सदर बांधाच्या डागडुजीबाबतही गावाने दोन वेळा अर्ज केला होता. "निधी उपलब्ध नाही, स्थानिक पातळीवर व्यवस्था करावी" असे उत्तर आले. ती व्यवस्था आम्ही स्थानिक पातळीवर केली आहे. ती अडतीस बारदानांची आहे.

८. आणखी एक गोष्ट स्वस्थ राहू देत नाही, म्हणून लिहिते. प्रत्येक मुलाला तांदूळ ही हाक शासनाने दिली. तिवरखारच्या रिवाजाने पहिले सामान शासनाच्या घरचे पडायला हवे होते. तांदूळ पडला, हे मी मान्य करते आणि त्याबद्दल आभारी आहे. पण तांदळाला पाय नसतात. एका मास्तरणीला बांधावर एका दुपारीत जे कळले, ते आपल्या कक्षाला दोन वर्षांत कळू नये याचा मला राग येतो. तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

९. मुलांनी अट पाळली आहे. ऑगस्टात बांधावरची वाट चिखलात गेली होती, तरी पोरे चपला हातात घेऊन आली. पहिलीतली पूजा तापातून उठून आली, कारण तिच्या आईला तीन किलोंची गरज होती. हजेरी एक्क्याण्णव टक्के आहे. रिकाम्या पोत्यासाठी भरलेले पोते अडवणे कोणत्या नियमात बसते ते कळवावे.

१०. माझी वेतनवाढ रोखायची असल्यास रोखावी. त्याविरुद्ध मी अर्ज करणार नाही. परंतु बारदानांची किंमत भरा म्हणाल तर एक रुपया भरणार नाही, आणि गावाकडून वर्गणी काढून भरा म्हणाल तर ती वर्गणी काढणार नाही. ऑगस्ट व सप्टेंबरचा तांदूळ सोडावा, व यापुढे होडीचे भाडे आणि हमाली आगाऊ मिळावी. ती मिळेपर्यंत मी गोदामावर येईन, रांगेत उभी राहीन, पण पोत्याला हात लावणार नाही. अय्यूब यांनाही ते होडीत घेऊ देणार नाही. ते ऐकणार नाहीत, तरी मी त्यांना तसे सांगितले आहे.

११. बारदाने हरवलेली नाहीत. ती तिवरखारच्या बांधात, उत्तरेच्या अंगाला, एकावर एक अशी शाबूत आहेत. शासनास ती परत हवीच असतील तर न्यावीत. १ ऑक्टोबरला अमावस्या आहे, संध्याकाळी पूर्ण ओहोटी मिळेल. पावडे गाव देईल. मात्र पहिले पोते उपसण्यापूर्वी आपण सोबतच्या कागदावर सही करावी. त्यावर मी एकच ओळ लिहिली आहे : "बारदाने माझ्या आदेशाने काढली, आत येणाऱ्या पाण्याची जबाबदारी माझी." सही झाली की मी स्वतः पोती मोजून देईन.

आपले आदेश आजवर पदरमोड करून पाळणारी,

(सही)
चंद्रावती जनू म्हात्रे
मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा, तिवरखार, ता. पेण
दि. १७ सप्टेंबर १९९७

सहपत्रे :
१) नोटिशीची प्रत.
२) जून ते सप्टेंबरची हजेरी, बासष्ट नावांसह.
३) जोळीला आलेल्या सत्तर जणांच्या सह्या व अंगठे.
४) वर परिच्छेद ११ मध्ये सांगितलेला कागद. सहीची जागा मोकळी ठेवली आहे.