भिंत पाच फूट सरकवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त गणित शिक्षिका, विद्यार्थ्यांची ‘समजाबाई’, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपण आणायला थोरला भाऊ दोनदा आला होता. चहा पिऊन गेला, एवढंच.

१. घर. वडिलांची जागा रस्त्याकडून चाळीस फूट, मागून वीस, लांबी साठ. डावी बाजू सरळ, उजवी तिरकी. वडील गेल्यावर दादाने रस्त्याकडून वीस-वीस फूट मोजले आणि मधून सरळ भिंत घातली. त्याला चौकोन मिळाला, मला त्रिकोण, म्हणजे त्याच्या बरोब्बर निम्मं. मी आकृती काढून दाखवली, तर म्हणाला, “पुढून सारखं दिसतंय ना? शाळेतलं गणित घरात आणू नकोस.” तेव्हापासून माझं कपाट मागच्या कोपऱ्यात कधी नीट बसलेलं नाही आणि माझा राग गेलेला नाही.

२. हे घर मी दादाच्या मुलीला देते. दादाने स्वतःच्या वाटणीत तिला धरलेलंच नाही. मुलगे तेवढे डोक्यावर बसवलेत. अट एकच. दादाने मधली भिंत स्वखर्चाने आपल्या बाजूला पाच फूट सरकवावी आणि तसं लिहून द्यावं. म्हणजे दोन्हीकडे नऊशे चौरस फूट होतात. ताळा करून पाहावा. सहा महिन्यांत हे न झाल्यास घर परक्याला विकावं आणि पैसे भाचीने घ्यावेत. भाची म्हणाली, बाबा मोडतील पण वाकणार नाहीत. म्हटलं, मग नवा शेजार सोसतील.

३. बचत आजारपणातून उरलीच तर भाचीला, वकिलासाठी.

४. फळ्यावरचा लाकडी कोनमापक शाळेला. बाईमाणसाला भूमिती झेपत नाही म्हणून ज्या मुख्याध्यापकांनी मला दहावीचा वर्ग दिला नाही, त्यांच्या तसबिरीखालीच तो टांगावा.

५. शिडी दादाला. भिंतीवरून डोकावायला खुर्चीवर चढतो, या वयात पडायचा.

ठिकाण : राहतं घर. दिनांक : नऊ जुलै, मंगळवार. सही केली.

साक्षीदार पहिले : डॉक्टर, मला तपासून.

साक्षीदार दुसरी : वहिनी, दादाची बायको. न बोलावता, मागच्या दाराने आली. पहिलं कलम वाचून म्हणाली, “आकृती मला तेव्हाच कळली होती. सही कुठे करू?” इतकी वर्षं गप्प बसल्याचा मला तिचाही राग आला. सही मात्र घेतली.