आजारी पान मिळेल का?

३ फेब्रुवारी

हाड जुळलं! डॉक्टरांनी खुब्याचा फोटो उजेडाला धरून दाखवला — भेग कुठे होती तेसुद्धा आता कळत नाही म्हणे. मला ती आधीही दिसली नव्हती, पण मान डोलावली. जीव भांड्यात पडला. मागच्या अंगणात, पाण्याच्या पिंपाजवळच्या शेवाळावरून सासूबाई घसरल्या तेव्हापासून या घरात कुणी मोकळेपणाने हसलं नव्हतं. येताना गाडीत नवरा शीळ घालत होता. बेसूर. म्हटलं, घालू दे.

"आता चालायला लागा आजी," डॉक्टर म्हणाले.

"बघू," सासूबाई म्हणाल्या.

६ फेब्रुवारी

'बघू' म्हणजे 'नाही'. मला तेव्हाच कळायला हवं होतं, इतकी वर्षं काय उगाच काढली या घरात!

वॉकर खाटेशेजारी उभा आहे, त्यावर त्या टॉवेल वाळत घालतात. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी आज जाताना मला दाराबाहेर घेऊन गेली. "हाडाचं काम झालं काकू. आता त्यांनी मनावर घ्यायला हवं. अजून महिनाभर अशाच पडून राहिल्या तर पायात ताकद राहायची नाही. मग कायमची चाकाची खुर्ची."

आत आले तर सासूबाई छताकडे बघत होत्या. "काय कुजबुजत होतात? मला परत पडायचं नाही. एवढंच."

दिवसभर मी नवशिक्यांना गाडी शिकवते. ब्रेकवरून पाय न काढणारी माणसं मला नवी नाहीत. पण त्यांच्यावर ओरडता येतं.

१० फेब्रुवारी

बागेला हात लावायची मला बंदी होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक रोप गेलं आणि "तुझा हात जड आहे" असा शिक्का बसला तो बसलाच. त्या आडव्या झाल्या आणि झारी माझ्या गळ्यात पडली. आधी भसाभस पाणी ओतत होते, मिरच्या पिवळ्या पडल्या. मग अक्कल आली. बोट मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. वाळलेला पाला खोडाभोवती पसरायचा, ओल टिकते. दाटी झाली की छाटायचं, वारा खेळला पाहिजे. पिकलं पान दिसलं की काढून टाकायचं. यात काही मोठं शास्त्र नाही, पण रोज बघावं लागतं. आणि मला तो रोजचा अर्धा तास आवडायला लागलाय, हे घरात कुणाला सांगणार नाही!

टोमॅटो कमरेएवढे झालेत. घेवडा कुंपण ओलांडून पलीकडे डोकावतोय. कुंडीतल्या लिंबाला कळ्या.

संध्याकाळी खाटेशी बसून सांगते — "बाग एकदम छान आहे आई, काळजी करू नका."

त्या भिंतीकडे तोंड करतात.

१३ फेब्रुवारी

आज काहीतरी घडलं!

घेवड्याचा वेल तारेने बांधायला गेले आणि कोवळा शेंडा कट्कन मोडला. खूप वाईट वाटलं. घाबरत घाबरत सांगितलं. म्हटलं, ओरडतील फार तर.

"तारेने?" सासूबाई ताडकन उठून बसल्या. कुणाचा हात न धरता! "अगं, तारेने बांधतात का वेल? जुन्या कापडाची पट्टी घ्यायची, सैल गाठ मारायची. तार! गळा आवळलास तू त्याचा!" बोलता बोलता पाय खाटेखाली सोडले होते. त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मला कळलं.

'छान आहे' ऐकून माणूस भिंतीकडे वळतं आणि 'मोडलं' ऐकून उठून बसतं. सगळं छान चाललं असेल तर त्यांनी उठायचं कशाला? मीच मूर्ख. रोज सांगत होते, तुमच्यावाचून काही अडत नाही म्हणून!

१४ फेब्रुवारी

"आई, लिंबाला भांडी घासायच्या साबणाचं पाणी घातलं. पिंपभर."

उभ्या राहिल्या! वॉकर धरून, टॉवेल खाली पडला तरी लक्ष नाही. दारापर्यंत आल्या, मला चार शब्द सुनावले आणि परत जाऊन झोपल्या.

लिंबाला एक थेंबसुद्धा घातलेला नाही. लिंबू मजेत आहे.

नवरा म्हणाला, "तू आईशी खोटं बोलतेस?"

"खोटं नाही. व्यायाम आहे तो."

१७ फेब्रुवारी

आज गुलाबाची सगळी मुळं उघडी पडली. (नाही पडली.) स्वयंपाकघरापर्यंत आल्या.

१९ फेब्रुवारी

फजिती! आज मी टोमॅटोवर डाग पडल्याचं सांगितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पान आण. बघते."

पान कुठून आणू? बाग धडधाकट. टॉर्च घेऊन टोमॅटोखाली रांगले, एक डाग सापडेल तर शपथ. माझा हात जड म्हणे! आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट नीट केली आणि तीच अंगाशी आली.

म्हटलं, उद्या आणते. अंधार झालाय.

२० फेब्रुवारी

शिकवणी संपवून रोपवाटिकेत गेले. मालकाला विचारलं, "टोमॅटोचं आजारी पान मिळेल का?"

त्याने हातातली झारी खाली ठेवली. "बाई, लोक आजारी पान घेऊन येतात इथे. न्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"सासूबाईंना हवंय."

"भांडण आहे का?"

"नाही हो! त्यांना बरं करायचंय."

माझं काही खरं नाही असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण मागे टाकून दिलेल्या रोपांतून डागांचं पान काढून दिलं, वर कागदात गुंडाळून. पुढे कधी लागलं तर सांगा, म्हणाला!

सासूबाईंनी पान हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "इथे नीट दिसत नाही. उजेडात नेऊ." आणि वॉकर घेऊन बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी गेल्या, तिथे खुर्चीत बसल्या आणि तिथेच चहा प्यायल्या. किती दिवसांनी त्या खोलीत दोन कप दिसले! मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण डोळे लाल झाले होते.

२७ फेब्रुवारी

रोपवाटिकेवाला आता मला बघून हसतो. "आज काय देऊ? मावा आहे, ताजा. किडे हलतायत अजून." काकडीचं पान दिलं, भुरीने पांढरं झालेलं. सासूबाई खिडकीत बसून निकाल देतात — फवार, छाट, उन्हात ठेव — मी होय होय म्हणते. जेवायलाही टेबलाशी येतात आता. व्यायामवाली खूश आहे. नवरा पुन्हा शीळ घालतो, तीच, तितकीच बेसूर. घरावरचं ओझं उतरलंय.

७ मार्च

एक गोष्ट मात्र होत नाही. मागचं दार.

स्वयंपाकघरात येतात, पण खुर्ची दाराकडे पाठ करून मांडायला लावतात. आज मी मुद्दाम दार उघडं टाकलं, छान वारा येत होता. "लावून घे ते," म्हणाल्या. आवाज कापत होता. मी लगेच लावलं. शेवाळ मी कधीच खरवडून काढलंय, फरशी कोरडी ठणठणीत आहे, तसं सांगितलंही. "असेल," म्हणाल्या.

व्यायामवाली म्हणते, "घरातल्या घरात चालतायत हेही खूप आहे." खूप आहेच. पण त्या बागेसाठी हे माणूस जगत होतं. आता ती बाग त्यांना माझ्या तोंडूनच ऐकावी लागते, आणि माझं तोंड तर खोटं बोलतंय.

१५ मार्च

करपा! खराखुरा!

टोमॅटोच्या खालच्या पानांवर तपकिरी डाग, डागांत वर्तुळं. परवा दोन पानांवर होतं म्हणून दुर्लक्ष केलं, आज निम्म्या झाडावर चढलंय. तोंडचं पाणी पळालं. पान तोडून धावत आत गेले. "आई, टोमॅटो गेला! काय करू सांगा, पटकन!"

सासूबाई खाटेवर पडल्या पडल्या हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. "आज कुठून आणलंस गं? त्याच दुकानातून?"

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती अशी!

"तुम्हाला... कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या पानापासून. अगं, आपल्या टोमॅटोचं बी मी वर्षानुवर्षं राखलंय. त्याचं पान बटाट्याच्या पानासारखं असतं, सरळ कडेचं. तू आणलेलं ते कातरलेल्या कडेचं होतं. रोज पाणी घालतेस आणि पान बघितलं नाहीस?"

नाही बघितलं. डाग शोधत बसले, पान बघितलंच नाही!

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? आजारी पान बाहेरून आणावं लागतंय म्हणजे घरची बाग ठणठणीत आहे, एवढं मला कळत होतं. तुझा हात जड नाही, हेही कळलं. बरं वाटायचं मला. आणि तू दिवसभर रस्त्यावर घसा फोडून येतेस, वर माझ्यासाठी पानं गोळा करत फिरतेस. मग मी निदान खिडकीपर्यंत तरी यायला नको?" मग चेहरा उतरला. "पण त्या दारातून नाही गं जायचं मला. ते नाटक आता बास. मी आहे इथेच बरी आहे."

मला खूप लाज वाटली, राग आला आणि त्याहून जास्त हायसं वाटलं — एकदम सगळं. "हे खरं आहे हो आई!" एवढंच ओरडले. त्यांनी ऐकलंच नाही, कूस बदलली. पान त्यांच्या उशाशी टाकून मी बाहेर आले. शिकवणीला उशीर झाला होता. नवा मुलगा गाडी चालवत होता आणि ब्रेक मी दाबत होते, विनाकारण.

१६ मार्च

सकाळी उठले तर खाट रिकामी. मागचं दार सताड उघडं. वॉकर उंबऱ्याच्या आत, आणि सासूबाई बाहेर टोमॅटोच्या वाफ्यात, एका हाताने काठीला धरून, दुसऱ्या हातात कालचं पान घेऊन उभ्या. काठी म्हणजे शेजारच्या घेवड्याला आधार दिलेली.

"हे पान आपलं आहे," त्या मागे न बघता म्हणाल्या. "कात्री आण. आणि रडायचं असेल तर तिकडे लांब जाऊन रड. पानं ओली झाली की करपा पसरतो."