चौथा फोन

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांच्या नावाने चोरीची नोटीस आली!

बाबांच्या! जे शाळेच्या ऑफिसातला खडूचा तुकडासुद्धा घरी आणत नाहीत. उभा जन्म कारकुनीत गेला, दुसऱ्यांची नावं कागदांवर चढवली, आणि आज स्वतःचं नाव वाचलं — 'आपल्या इंटरनेट जोडणीवरून सदर चित्रपट विनापरवाना उतरवून घेण्यात आला आहे.' चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. चित्रपट कुठलासा मारधाडीचा. बाबा शेवटचे थेटरात कधी गेले ते आईलाही आठवत नाही.

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. साहजिकच आहे. घरात काही फुटलं, सांडलं, बिघडलं की माना आपोआप माझ्याकडे वळतात. कॉलेज अर्ध्यात सोडलेला, काचेच्या दुकानात फ्रेमा कापणारा, नाकावर राग. चोर शोधायला लांब कशाला जायचं?

मी नाही केलं. पण कोणी केलं ते मला माहीत आहे.

१२ फेब्रुवारी

लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल.

ती पलीकडे राहते. गॅलरी एकच, मध्ये पत्र्याचं पार्टिशन. औषधांच्या दुकानात काउंटरला असते — सकाळी आणि संध्याकाळी. आईबाप नाहीत, दादा-वहिनीकडे राहते. दादा सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही. पण त्यांच्या घरातलं वायफाय त्याच्या हातात. कोणी काय बघितलं ते सगळं त्याच्या फोनवर येतं. आणि मग जेवताना, वाढून घेता घेता, सहज विचारतो — काल त्या अमुक ठिकाणी काय शोधत होतीस गं? हे तिने मला हसत सांगितलं होतं. म्हणजे तोंड हसत होतं.

हिवाळा सुरू होताना पत्र्याच्या फटीतून तिने विचारलं, "तुमचं वायफाय देशील? त्यावर कोणी बघत नाही ना?"

मी म्हटलं, "इथे कोण बघणार? आमच्या आईला फोन लावायलासुद्धा मी लागतो."

पासवर्ड दिला. त्याच दिवशी राउटर बाहेरच्या खोलीतून उचलला आणि स्वयंपाकघरात, त्यांच्या भिंतीला चिकटवून लावला. आईला सांगितलं, तिथे फार तापतो. तिने बिचारीने मिठाच्या बरणीशेजारी जागा करून दिली.

तेव्हापासून तो हिरवा दिवा. दुपारी जेवायला घरी येतो. बाबा शाळेत, आई बटणं लावलेले शर्ट कारखान्यात पोचवायला गेलेली. माझा फोन मी मुद्दाम बंद करतो. आणि तरी दिवा लुकलुकतो! म्हणजे ती. भिंतीपलीकडे, हातभरावर, जागी, माझ्या वायरीतून कुठेतरी निघालेली. ताट गार होईपर्यंत बघत बसतो. कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

बघितला असेल एखादा सिनेमा. बघू दे की!

१३ फेब्रुवारी

मी केलं, असं सांगून आलो.

इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी समजावलं. नवा कायदा आलाय. 'आम्ही नाही' असं लिहून दिलं तर चौकशी — घरात कोण, येतं-जातं कोण, वापरतं कोण. कबुली दिली तर समज देऊन सोडतात, नाव कोर्टात जात नाही. चौकशी म्हणजे ती सापडणार. मी म्हटलं, कबुली. बाई म्हणाल्या, मागच्या बाजूलाही मजकूर आहे, वाचून सही कर. मी पान उलटलंच नाही. खर्रकन सही ठोकली. खाली जोडणीधारक म्हणून बाबांनी केली. दुधाच्या पिशवीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचणारे बाबा — त्यांनी आज चष्माही लावला नाही. मान खाली, सही, पेन परत.

बसमध्ये ते दुसऱ्या बाकावर बसले. उतरताना एवढंच म्हणाले, "कॉलेज सोडलंस तेव्हा लोकांना सांगत होतो, पोरगं तापट आहे, पण हात स्वच्छ आहेत."

गिळलं. तिच्यासाठी एवढंही गिळता येत नसेल तर प्रेम कसलं.

१५ फेब्रुवारी

दिवा आज खूप वेळ चालू. तिला कधीच सांगणार नाही. (म्हातारपणी सांगेन.)

१९ फेब्रुवारी

शिडीवाला आला. इंटरनेट कंपनीचा लाइनमन. खांद्याला शिडी अडकवूनच जन्मलाय असं वाटतं, आमच्या स्वयंपाकघरातही शिडी घेऊन शिरला. राउटरवर लाल स्टिकर चिकटवलं. मी विचारलं, हे काय? म्हणाला, कबुली दिलीय ना तुम्ही, मागच्या पानावर आहे सगळं. आता या लाइनवरून जे जाईल-येईल त्याचा तपशील तक्रार करणाऱ्या सिनेमा कंपनीला बघता येणार. आणि बाहेरचं कोणी वापरत असेल तर त्याच्या घरच्या कर्त्याला कळवावं लागतं.

मग त्याने त्याच्या फोनवर काहीतरी उघडलं. घरात माणसं तीन, फोन चार दिसतायत, म्हणाला. चौथा कोणाचा?

फोन माझ्यापुढे धरला. मी नजर फिरवू शकलो असतो. नाही फिरवली. चौथ्या फोनच्या नावाखाली — दूरच्या एका शहराचं नाव. नोकरी करणाऱ्या मुलींचं वसतिगृह. तिथल्या एका हॉस्पिटलात औषधं देणारी पाहिजे, अशी जाहिरात. जायच्या गाड्या. एका जागेचं तिकीट. एका.

आणि मी इकडे आमच्या दोघांचं घर कुठल्या मजल्यावर घ्यायचं ते ठरवत होतो.

ती जाणार. मला न सांगता. माझ्याच वायरीतून रस्ता काढून. कान गरम झाले. आतून ते ओळखीचं काहीतरी वर आलं, जे कॉलेजात प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटताना आलं होतं. शिडीवाल्याने परत विचारलं, "काय रे, लिहू का तुझाच म्हणून? असतात काहींकडे दोन-दोन." साधा माणूस, मला वाट करून देत होता!

मी म्हटलं, "माझा नाही. शेजारच्या घरातला आहे."

त्याने लिहिलं. शिडी उचलली. गेला.

२० फेब्रुवारी

तीन काचा फोडल्या. दुकानाचे मालक, उस्ताद, म्हणाले, तुझं भांडण काचेशी आहे की पोरीशी ते ठरव, काच माझ्या खर्चाने येते.

रात्री ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. फटीतून म्हणाली, काय रे, मौन धरलंयस का? मी आत आलो आणि दार आपटलं.

तिथे कोण आहे तिचं? कोणीतरी असणारच.

२१ फेब्रुवारी

सांगायला हवं तिला. उद्या सांगतो. आज सांगायला गेलो तर नको ते बोलेन.

२३ फेब्रुवारी

उशीर झाला. त्यांच्याकडे कंपनीचं पत्र आलं — आमच्या लाइनवरून तिने काय काय बघितलं, त्या यादीसकट.

मी भिंतीला कान लावला. ओरडाआरडा होईल असं वाटलं होतं. झाला असता तर बरं झालं असतं. दादाचा आवाज नेहमीसारखाच, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतका साधा. एवढंच ऐकू आलं — "तिकीट एकच काढणार होतीस. आम्हाला विचारलंही नाहीस की येता का सोडायला." मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

२४ फेब्रुवारी

औषधांच्या दुकानात काउंटरला दुसरीच. विचारलं तर म्हणाली, तिच्या घरून निरोप आला, आता येणार नाही.

दुपारी घरी आलो. दिवा लुकलुकतोय.

एवढं सगळं झाल्यावरही ती अजून बघतेय? की दादा तिचा फोन घेऊन बसलाय, आणि हा तो आहे? जिला बघत मी जेवत होतो त्या जागी आता तो. ताट झाकून ठेवलं.

२६ फेब्रुवारी

वायर उपटली. आई ओरडली, बाबांच्या शाळेचं काम अडेल. परत लावली. दिवा लागला. माझ्याकडे बघतो. मी पाणी प्यायला गेलो तरी पाठीवर जाणवतो. आईला म्हटलं त्यावर फडकं टाक. म्हणाली, तूच म्हणालास ना तापतो म्हणून?

फडक्यातून हिरवा दिसतोच.

२७ फेब्रुवारी

दादाने जिन्यात गाठलं. मला वाटलं आता मारामारी. मी तर मुठी आवळूनच उभा! त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तुझे उपकार झाले. वेळेवर कळलं. नाहीतर पोरगी हातची गेली असती."

हात धुतले. शर्ट धुवायला टाकला. खांद्यावरचा तो हात अजून गेलेला नाही.

१ मार्च

ती बोलली. पत्र्यापलीकडून, कपडे वाळत घालता घालता, माझ्याकडे न बघता. वहिनी आतच होती म्हणून दबक्या आवाजात.

मी आधी सगळं ओकलो — नोटीस, कबुली, शिडीवाला, मी काय म्हणालो ते. माफीही मागितली. ती चिमटे लावत राहिली. मग म्हणाली, सिनेमा? मी कसला सिनेमा बघतेय! चार वेळा वापरलं तुझं वायफाय. चारही वेळा रात्री, दुकानातून आल्यावर, इथेच उभी राहून.

मी म्हटलं, आणि दुपारी? रोज दुपारी तर तू —

"दुपारी माझा फोन वहिनीकडे असतो. बाळ झोपेपर्यंत त्यावर गाणी लागतात. आमच्या वायफायवर."

मी विचारलं, तिथे कोण आहे तुझं?

तेव्हा तिने पहिल्यांदा वळून बघितलं. "कोणी नाही. म्हणूनच जायचं होतं."

मी लगेच सुरू झालो — मी दादाशी बोलतो, मी त्या वसतिगृहात जाऊन येतो, मी तिकीट काढतो, मी... तिने शेवटचा चिमटा लावला.

"तू एक कर. माझ्यासाठी आता काहीच करू नकोस. जमेल?"

३ मार्च

शिडीवाल्याला चौकात धरलं. शिडीसकट. विचारलं, घरात कोणी नसताना, सगळे फोन बंद असताना दिवा कसा लुकलुकतो?

म्हणाला, अरे, तो वर कंपनीला पाठवत असतो. दिवसभरात कोणी काय उघडलं ते साठवतो आणि दुपारी लाइन मोकळी असते तेव्हा पाठवतो. मी म्हटलं, स्टिकर लावल्यापासून ना? तो हसला. स्टिकर तुमच्या माहितीसाठी. कायदा आल्यापासून, म्हणजे पावसाळ्यापासूनच, सगळ्यांच्याच घरून जातंय. तुमचं फक्त आता मागणाऱ्याला दाखवता येतं, तुम्ही सही दिलीत म्हणून.

आणि सिनेमा? सिनेमा कोणी उतरवला?

ते काय सांगणार, म्हणाला. तुमच्या सगळ्या गल्लीला इंटरनेटवर बाहेर जाताना एकच नंबर आहे, कुठलं घर ते त्यावरून कळत नाही. नोटीस दहा-बारा घरांना गेली होती. बाकीच्यांनी 'आम्ही नाही' लिहून दिलं, मिटलं. कबुली एकट्या तुझीच. तुला एवढी घाई कसली होती?

शिडी खांद्याला लावून गेला.

म्हणजे मी रोज दुपारी जेवण गार करून ज्याच्याकडे बघत होतो, ती ती नव्हतीच. आमच्या घरातलं सगळं उचलून बाहेर नेणाऱ्या त्या डब्याला मी इतके दिवस भिंतीशी, मिठाशेजारी, जपून ठेवलं होतं. त्याच्याशी मनात बोलायचो. सांगितलेलं सगळं, शप्पथ, आता आठवून अंगावर काटा येतोय.

४ मार्च

बाबांना खरं सांगितलं. सिनेमा मी घेतला नव्हता, हे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मग सही का केलीस? मी राउटरवरचं फडकं सरळ करत बसलो. ते म्हणाले, असू दे. थोड्या वेळाने चष्मा लावून त्या कागदाचं मागचं पान वाचत बसले. सगळं वाचलं. आईला हाक मारून म्हणाले, अगं, तू त्या फोनवर काय काय विचारतेस गं, गुडघ्यांचं वगैरे? आई म्हणाली, का?

बाबा म्हणाले, काही नाही.

७ मार्च

काहीच करत नाहीये. तिने सांगितलं तसं. याहून अवघड काम उस्तादांनीही कधी दिलं नाही. पत्र्यापलीकडे तिचा दुपट्टा वाळतोय. वाळला तरी कोणी काढत नाही.

१० मार्च

ती गेली.

सकाळी दादा दारात. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला. त्या वसतिगृहात फोन केला, हॉस्पिटलात केला, तिथल्या स्टँडवर माणूस पाठवला — कुठेच नाही. मला म्हणाला, तुझ्या त्या डब्यात बघ ना, शेवटचं काय शोधलं तिने! मी म्हटलं, त्यात काही नाही. खरंच नाही. जे ठिकाण सगळ्यांनी बघितलं तिथे ती कशाला जाईल?

तो गेल्यावर गॅलरीत आलो. पत्र्याच्या या बाजूला, आईच्या कोरफडीच्या कुंडीत, मातीत अर्धा खोचलेला — चौथा फोन. बंद.

कोरफडीच्या पानांखाली आणखी आत सरकवला. चालू करणार नाही.