टच म्हंजे

१० फेब्रुवारी १९७४, रविवार. मदुराई

आज भट्टी बंद, म्हणून वही काढली.

हितं चांदीचा कस कुणी म्हणत न्हाई. टच म्हणतात! मोडके पैंजण पदरात बांधून आलेली म्हातारीसुद्धा आधी हेच विचारती — टच किती? विट्याकडनं हितं आलो तवा पहिला शब्द हाच शिकलो. लालासाहेबदादा म्हणाला, "जोत्या, आपलं पोट ह्या एका शब्दावर हाय." दादा आमच्याच गावचा. दुकान त्याचं. मी आन् याकूब त्याच्याकडं गलाईला. लोकांची जुनी चांदी वितळवायची, मळ काढायचा, शुद्ध करून द्यायची.

पण शब्द जुनाच निघाला की! देवळामागं कबड्डी खेळताना आमी बोंबलायचो — टच, टच, बाद! चौथीत शाळा सुटली, पण एवढं इंग्रजी मैदानातच पाठ झालं होतं.

१४ फेब्रुवारी

नाद लागलाय. समोर ट्रक मागं घेताना भिंतीला घासला. क्लीनर ओरडला — टच झाली, टच झाली! फळवाल्याची पाटी याकूबनं वाचून दाखवली — डोन्ट टच. पाट्या रंगवणारा पेंटर लांब जाऊन बघतो, परत येतो, एक ठिपका देतो. फायनल टच म्हणं.

एवढ्याशा शब्दाला किती घरं! आन् आमा तिघांना खोली एक.

१७ फेब्रुवारी

काही न्हाई. ऊन.

२३ फेब्रुवारी

बहिणीचं पत्र आलं. आत पोरीचा फोटो. मलकापूरची हाय, कऱ्हाडला लागून. नाव विजयमाला. सातवी पास. 'आईला पसंत आहे, तू कळव.' फोटो खिशात घालून दिवसभर कोळसा घातला भट्टीत. दादा म्हणाला, "आज एवढा जाळ कशाला रं? चांदी वितळवायचीय का दुकान?"

याकूब फोटो उन्हात धरून बघत बसला. म्हणतो, टच मारलाय. फोटोवाले पेन्सिलीनं टच मारतात, काळी गोरी करतात. म्हणलं, गप. तुझा फोटो काढायला लागला तर पेन्सिल पुरायची न्हाई.

लिहून टाकलं — पसंत.

५ मार्च

चांदी वितळवायच्या तापल्या मुशीला करंगळी लागली. चर्र झालं, वास आला, तवा कळलं. दुखलं न्हाई!

दादा खूश. "बघ याकूब, पोरगं गलाईवाला झालं. कातडं मेलं की हात तयार. लोकांना दहा वर्षं लागतात, ह्यानं तीन वर्षांत केलं." मीबी छाती काढली. फोडावर रुमाल गुंडाळून परत भट्टीपुढं. मग मुद्दाम दोनदा करंगळी लावून दाखवली याकूबला. तो हसला न्हाई.

९ मार्च

चांदी पुरी शुद्ध होते तवा एक क्षण असतो. वरचा मळ फिरत फिरत पातळ होतो, सात रंग दिसतात, आन् एकदम लखकन! मग सगळं गप. मुशीत चंद्र बसल्यासारखा. दादाला त्यात फक्त टच दिसतो. मला कृष्णा दिसली. सकाळची, कऱ्हाडच्या घाटाखालची, कुणी अजून घागर बुडवली न्हाई अशी. पायरीवर कोणतरी पाठमोरी. तोंड वळवायच्या आत दादानं हाक मारली.

१२ मार्च

पेन सारखं निसटतंय. शाईचा दोष.

२४ मार्च, रविवार

नाथाजीमामांचं पत्र — विजयमालाचे वडील. पलटणीतनं पेन्शनीत आलेले, अक्षर कवायतीला उभं केल्यासारखं. साखरपुडा १३ एप्रिलला. आत एक लाल दोरा. 'अंगठीसाठी अनामिकेचं माप घेऊन, गाठ मारून पाठवणे.'

आन् खाली, कोपऱ्यात, दुसरं अक्षर. बारीक —

'दोरा मी घातलाय. फोटोवाल्यानं माझ्या हनुवटीवरचा तीळ टच मारून घालवला. तीळ हाय. मागनं फसवलं म्हणू नका.'

किती वेळा वाचलं, मोजलं न्हाई. आता फोटोत रोज तो तीळ दिसतोय. नसलेला!

३१ मार्च, रविवार

जेवून पडलो होतो. दोरा बोटात घातला. अंगठी सैल नको म्हणून गच्च ओढून गाठ मारली. तिनं हाताळलेला दोरा. पंखा फिरत होता, त्यात पाण्याचा आवाज येत होता. झोप लागली.

याकूबनं हलवून उठवलं. "जोत्या! बोट बघ रं!" बोट वांग्यागत. निळं, टम्म. दोरा मासात रुतलेला.

"दुखत न्हाई?"

"न्हाई."

"आरं, काहीच न्हाई?"

ब्लेडनं दोरा कापला त्यानं. माप गेलं. माझा जीव त्या मापातच. याकूब मात्र माझी दोन बोटं धरून बसला, अनामिका आन् करंगळी. म्हणाला, "माझ्या रहिमानचाच्याचं असंच झालं होतं. बोटं मेली म्हणून गाजवायचा, निखारा उचलून दाखवायचा. गड्या, मिरजेत उतर. आधी दवाखाना, मग गाव."

"चाच्याला काय झालं होतं?"

"ते डॉक्टर सांगंल."

दादा म्हणाला, "याकूब, तू पोराला भ्या घालू नगंस. हात तयार झालाय त्याचा."

दादाचं खरं असू दे.

११ एप्रिल. गाडीत

खिडकीतनं सगळं मागं पळतंय. उद्या मिरज. दवाखान्यात काही न्हाई म्हणाले तर पाचची कऱ्हाडची एस्टी, परवा साखरपुडा. आई, बहीण परस्पर तिकडं येणार. काही हाय म्हणाले तर —

तर काय? रुमाल गुंडाळला की कुणाला दिसत न्हाई. भट्टीत भाजलं म्हणायचं. खोटंबी न्हाई.

तिनं तिळाचं सांगितलं. एवढ्याशा तिळाचं!

१२ एप्रिल. मिरज

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे मीट. करंगळीला कापूस टच झाला की व्हय म्हण."

मन लावून पाचदा व्हय म्हणालो.

"उघड डोळे. तू व्हय म्हणालास तेव्हा कापूस टेबलावर होता, बाळ." मग म्हणाल्या, महारोग हाय. गोळ्या लय वर्षं. पण बोटं वाकडी व्हायच्या आत आलास.

रुमाल दवाखान्याच्या बाकावर ठेवून आलो. पाचच्या एस्टीत बसलोय. कापलेला दोरा खिशात. हात नाथाजीमामांच्या पुढं ठेवणार, उघडा. तिला दारातनं दिसंल असा.