लेसित्साचे माझे घर इस्क्राच्या नावे

मी, त्सोन्का मिनेवा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, विधवा, निवृत्त स्वयंपाकीण, राहणार लेसित्सा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. मला कोणीही भरीस घातलेले नाही. उलट दोघांनी मला यातून परतवण्याचा प्रयत्न केला, एकाने ओरडून आणि एकीने रडून. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदारांची गरज नसते असे नोटरीबाईंनी सांगितले. तरीही मला दोन साक्षीदार हवे आहेत, कारण मी माझ्या भाच्याला ओळखते.

कलम १. लेसित्सातील माझे दुमजली घर, अंगण, विहीर आणि द्राक्षांच्या मांडवासह, मी इस्क्रा योर्दानोवा हिला देत आहे. लाझार पेत्काव याला त्या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क राहील. स्वयंपाकघराला कधीही कुलूप लावायचे नाही. इस्क्राने हे घर हयातीत विकू नये, गहाण टाकू नये वा भाड्याने देऊ नये.

कलम २. इस्क्रा आणि लाझार माझ्या रक्ताचे नाहीत. उद्या कोर्टात कोणी विचारले की म्हातारीने घर परक्यांना का दिले, तर हे वाचून दाखवावे.

गावाबाहेर टेकडीवर मतिमंदांचे मोठे सरकारी वसतिगृह होते. तेव्हा हाच शब्द होता, म्हणून लिहिला. तिथे मी सत्तावीस वर्षे स्वयंपाक केला. इस्क्राला वयाच्या तिसऱ्या वर्षी तिथे आणून सोडले होते, लाझारला पाचव्या. माणसे ऐंशी, भरवायला आम्ही तिघी, आणि वेळ अर्धा तास. म्हणून सगळे यंत्रातून काढायचे. पाव, घेवड्याचे सूप, मांस, सफरचंद, सगळे एकत्र, एकाच पातेल्यात. त्या लगद्याला रंग नव्हता. चव कशी होती ते मला माहीत नाही, कारण सत्तावीस वर्षांत मी तो एकदाही चाखला नाही. हे मी लाजेने लिहीत आहे.

एके दिवशी यंत्र बंद पडले. मी पावाचे आणि चीजचे तुकडे करून वाढले. लाझार तेव्हा तिशीचा होता. त्याने तुकडा तोंडात घातला, थांबला, आणि मग चावायला लागला. बराच वेळ चावत राहिला. त्याचे सगळे दात शाबूत होते. इस्क्रा शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मावशी, हा आवाज करतोय." पाव चावल्याचा आवाज तिने तोवर ऐकला नव्हता.

मी संचालकबाईंकडे गेले. म्हटले, "बाई, यांना चावता येतं. उद्यापासून तुकडे वाढते."

"आणि घशात अडकून एखादा गेला म्हणजे? तू जाणार तुरुंगात?"

"नाही, पण..."

"मग दळ."

तिसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्त होऊन आले आणि मी दळायला लागले. आणखी अकरा वर्षे दळले.

कलम ३. संचालकबाईंना मी काहीही देत नाही. त्यांच्यावर माझा राग आहे, पण तो पूर्ण नाही, कारण यंत्राचा दांडा माझ्या हातात होता. ते यंत्र वसतिगृहाच्या सामानाच्या लिलावात मी विकत घेतले. ते परसात पडले आहे. त्याचा कोणी उपयोग करू नये. भंगारात द्यावे.

कलम ४. वसतिगृह बंद होणार असे कळले तेव्हा गावातील पन्नास जणांची नोकरी जाणार होती. आम्ही तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा नेला. "आमची मुले आमच्यापासून हिरावू नका" असा फलक होता. तो मी लिहिला होता, माझ्या चादरीवर. मुले आमची आहेत हे मला त्या दिवशीच सुचले. पगार जाणार म्हटल्यावर. कोणी माझी स्तुती करायला लागले तर त्याला हे कलम दाखवावे.

वसतिगृह बंद झाले. एक यादी आली आणि माणसे वाटली गेली. इस्क्रा जिल्ह्याच्या गावी, लाझार डोंगरापलीकडे दुसऱ्या जिल्ह्यात. ते दोघे वीस वर्षे एकाच बाकावर बसून जेवत होते, हे यादी करणाऱ्याला माहीत नव्हते. आम्हाला माहीत होते. आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगायला गेलो नाही.

वर्षभराने मी इस्क्राला भेटायला गेले. नवे घर, चौदा माणसे, नवे पलंग, फुलाफुलांचे पडदे. मला वाटले, सुटली पोरगी. जेवण बाहेरून डब्यातून येत होते. स्वयंपाकघर सुंदर होते आणि त्याला कुलूप होते.

"कसं आहे गं इथं?"

"पडदे आहेत," इस्क्रा म्हणाली. "चहा पाचला. झोप आठला. मावशी, लाझार कुठंय?"

"दुसऱ्या गावाला."

"त्याला माहितीये का, मी कुठंय ते?"

परतीच्या बसमध्ये मी ठरवले की पुढच्या वेळी या प्रश्नाचे उत्तर घेऊनच यायचे.

कलम ५. त्या उत्तराला चार वर्षे लागली. ती सगळी लिहीत बसत नाही. एवढेच सांगते की इस्क्राला कायद्याने माणूस म्हणून मोजलेच जात नव्हते. अठराव्या वर्षी कोर्टाने तिला अक्षम ठरवले होते आणि तिची सही करण्याचा अधिकार संचालकबाईंकडे होता. तो परत मिळवायला आम्ही कोर्टात गेलो. न्यायाधीशांनी तिला विचारले, "तुमच्याकडे वीस लेव्हा आहेत. बाजारात काय घ्याल?"

इस्क्रा म्हणाली, "आधी भाव विचारीन."

न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतले. त्या वसंतात इस्क्रा माझ्या घरी राहायला आली आणि शरदात लाझार आला. आठवड्यातून तीनदा एक मदतनीस येते, औषधे आणि कागदपत्रे पाहते. बाकी ते दोघे पाहतात. लाझारचा असाच खटला अजून चालू आहे, म्हणून घर एकट्या इस्क्राच्या नावे. बँकेत माझ्या नावे जे काही असेल ते लाझारच्या वकिलासाठी.

कलम ६. शेजारीण केरा व्हल्चेवा हिने इस्क्रा येण्याआधी गावात सह्या गोळा केल्या होत्या. माझ्याकडेही सही मागायला आली.

"त्सोन्का, उद्या आग लावली त्यांनी तर?"

"तुझ्या नवऱ्याने गेल्या वर्षी गवताची गंज पेटवली. त्याच्याविरुद्ध सह्या घेतल्यास का?"

दोन वर्षे आम्ही बोललो नाही. मग केराचा पाय मोडला आणि लाझार रोज सकाळी न सांगता तिच्या कोंबड्या सोडू लागला, अंडी मोजून तिच्या खिडकीत ठेवू लागला. तिने ना आभार मानले, ना माफी मागितली. एक दिवस मिरच्यांच्या चटणीची बरणी घेऊन आली आणि म्हणाली, "त्याला तिखट चालतं का?" माझे मोठे तांब्याचे पातेले केराला द्यावे. हे मृत्युपत्र करू नकोस म्हणून रडली ती हीच. मी मरणार हे तिला आवडलेले नाही.

कलम ७. ओरडला तो माझा भाचा दिमो.

"आत्या, वेड्यांना घर? लोक मला तोंडावर हसतील."

"हसू दे. तू मला शेवटचं कधी भेटायला आला होतास?"

"ईस्टरला."

"कुठल्या?"

कायद्याने भाच्याचा राखीव वाटा नसतो, हे मी नोटरीबाईंकडून खात्री करून घेतले आहे. तरी तो माझ्या भावाचा मुलगा आहे आणि लहानपणी गोड होता. टेकडीखालचा द्राक्षमळा आणि दोन्ही लाकडी पिंपे त्याला द्यावीत. मळ्यात कष्ट आहेत. त्याची त्याला गरज आहे.

कलम ८. एवढे लिहून आज सकाळी मी पहिले कलम इस्क्राला वाचून दाखवले. ती आनंदाने रडेल असे मला वाटले होते. ती पीठ मळत होती. हात न थांबवता ऐकले आणि विचारले, "विकायचं नाही म्हणजे काय?"

"म्हणजे इथंच राहायचं."

"किती दिवस?"

"कायमचं. कोणी हलवणार नाही तुम्हाला."

तिने बोटांचे पीठ झाडले. "तिथंपण असंच सांगायचे."

मी म्हटले, "अगं, तिथं कुलूप होतं. हे घर आहे, तुझं."

"माझं आहे तर तू का सांगतेस?" ती म्हणाली. रागावली नव्हती, खरोखर विचारत होती. "हिवाळ्यात बस येत नाही. मी शहरात बेकरीत जाते ना कामाला, तर बर्फ पडला की घरी बसावं लागतं. लाझारला तिथंच राहायचंय, स्टँडजवळ. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

मला वाईट वाटले. मी परसात जाऊन तासभर मिरच्यांतले गवत उपटले, आणि जे गवत नव्हते तेही उपटले. या घराच्या भिंतींना मी आणि माझ्या नवऱ्याने स्वतः चुना लावला होता. पण ज्या बाईने अकरा वर्षे त्यांना काय चावता येते हे माहीत असून दळले, तिने मेल्यावरही त्यांच्या वतीने ठरवत राहणे योग्य नाही.

म्हणून पहिल्या कलमातील शेवटचे वाक्य मी रेघ मारून रद्द केले आहे. रेघ माझीच आहे, शेजारी सही केली आहे. कुलुपाबद्दलचे वाक्यही रद्द. इस्क्राने घर ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे. विकले तर लाझारचा राहण्याचा हक्क ते दोघे मिळून निवडतील त्या घराला लागू व्हावा. नोटरीबाई म्हणतात असे लिहून चालत नाही. म्हणून ही माझी अट नाही, विनंती आहे.

हे कलमही तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बरं. मग मी विचार करते."

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यांच्यासमोर सही केली.

त्सोन्का मिनेवा (सही)

साक्षीदार:
१. केरा व्हल्चेवा, शेजारीण (सही)
२. बोयान ख्रिस्ताकिएव्ह, टपालवाला (सही)

स्थळ: लेसित्सा
दिनांक: १९ सप्टेंबर २०२३