सेकंदाला पाच टोले

रविवार, १७ मे. माढ्याहून सोलापूरला परतताना, एसटीत

अधिक महिना लागला. पहिल्याच दिवशी सासुरवाडीला धोंड्याचं जेवण. साडू आशिष (पुणे, आयटी, मनगटावर फोन येणारं घड्याळ) यांना सफारीचं कापड मिळालं. मला मात्र मामांनी, म्हणजे सासरे रावसाहेबांनी, स्वतःच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून दिलं. मामा रेल्वेत गार्ड होते. एकोणचाळीस वर्षं हे घड्याळ मालगाडीच्या शेवटच्या डब्यात फिरलं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आशिष कापडाची घडी चाचपत बसला. माणसाची पारख व्हायला तेरा वर्षं लागली, पण झाली.

सूचना: सकाळी सहाला अठ्ठावीस वेढे. एकोणतिसावा नाही. पाणी नाही. "आन् उघडायचं न्हाय."

मी हसून म्हटलं, छे छे. मामा हसले नाहीत. आमच्या लग्नात मुहूर्त चार मिनिटं टळला, तेव्हा त्यांनी आधी याच घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं होतं. मुहूर्त भटजींमुळे टळला होता.

सोमवार, १८ मे. सकाळी ६.२०

अठ्ठावीस वेढे दिले. ६.०५ ला फोन. "काय पावणं, चावी दिली का?" दिली म्हटलं. "फोन लावा बघू घड्याळाला." लावला. पलीकडे मिनिटभर नुसता श्वास. मग "हं," आणि फोन बंद.

एका दिवसापुरतंच असेल.

बुधवार, २० मे

रोज आहे. आज २६ वेढे झाले की २७ या गोंधळात होतो, तेवढ्यात फोन. बायको, इंद्रायणी, म्हणाली, "अहो, घड्याळ ऐकतायत ते, तुम्हाला नाही." तरी मी श्वास रोखून धरतो. आवाज स्वच्छ जावा म्हणून.

शुक्रवार, २२ मे

घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. मामांना सांगितलं. "पडतंय. म्हाईत हाय." एकोणचाळीस वर्षं माहीत होतं आणि काही केलं नाही! या पिढीला मेन्टेनन्सचं वावडं. यूट्यूबवर अकरा व्हिडिओ पाहिले. सर्व्हिसिंग म्हणजे मुख्यतः तेल. आपलं शिलाई मशीनचं तेल उत्तम आहे, पातळ आहे.

उघडणार नाही, असं वचन मी दिलेलं नाही. 'छे छे' म्हटलं होतं.

रविवार, २४ मे. दुपारी २.१०

इंद्रायणी मैत्रिणीकडे मैंदर्गीला. ऊन त्रेचाळीस. स्क्रू उडतील म्हणून पंखा बंद. कंपासातल्या कर्कटकाने मागचं झाकण उघडलं. आत एक चाक सारखं इकडून तिकडे झुलतंय आणि त्याच्या पोटात केसाएवढी स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी लहानमोठी होतेय. तहानलेली वाटली. सुईच्या टोकाने एक थेंब तिथे सोडला. दुसरा आपोआप पडला.

दुपारी २.५०

झाकण बसलं. घड्याळ चालू! पूर्वीपेक्षा जोमात.

दुपारी ३.५०

घड्याळात चार वाजून बत्तीस.

दुपारी ४.००

चार अठ्ठेचाळीस. कानाला लावलं. टोले नव्हेत, धाप लागल्यासारखा आवाज. माझ्याही छातीत तसाच. कुणाचा कुठला, कळेना. तेल मुरलं की शांत होईल.

सोमवार, २५ मे. सकाळी ६.१५

मुरलं नाही. सहाला इंद्रायणीला शेंगाचटणीसाठी मिक्सर लावायला सांगितलं. ती म्हणाली चटणी आहे. मी म्हटलं ताजी हवी. ६.०५, फोन. मिक्सर सुरू, घड्याळ फोनला. मामा बराच वेळ ऐकत राहिले. "हं" नेहमीपेक्षा लांब होता. तरी वेळ निभावली.

इंद्रायणीला सगळं सांगावं लागलं. तिने मिक्सर बंद केला. मग म्हणाली, "बाबांनी ते घड्याळ मलासुद्धा कधी हातात दिलं नव्हतं."

संध्याकाळी ७.००

कॉलेजातल्या क्लार्कच्या टेबलावर ॲडमिशनचे फॉर्म तसेच टाकून नवी पेठेत कुमार यांच्या दुकानात गेलो. घड्याळ दुरुस्तीत त्यांची तिसरी पिढी. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि लगेच काढलं. "काय ओ सर, स्प्रिंगला तेल सोडलात? तिथं कुणीच सोडत नाही ओ. वेटोळी एकमेकाला चिकटली की. आता पळतंय बघा वेड्यासारखं." मी म्हटलं, आधीच्या मालकांनी सोडलं असावं. हे बोलताना दुकानाच्या दाराकडे दोनदा पाहिलं.

पूर्ण खोलून धुवावं लागेल. स्प्रिंग वाचली तर गुरुवार. वाचली नाही तर? कुमार नुसते भिंग पुसत राहिले.

तोवर ६.०५ चं काय? उपाय: दुसरं घड्याळ. दुकानातलं सगळ्यात स्वस्त मशीनवालं, म्हणजे सेलशिवाय चालणारं, मागितलं. कुमारनी दोन ठेवली. एक ऑटोमॅटिक, हाताच्या हालचालीवर चालणारं. ते म्हणाले, बसून काम करणाऱ्या क्लार्क लोकांच्या हातात ते बंद पडतं. मग चावीचं घेतलं. पांढरी तबकडी, बारीक आकडे, कुणालाही शोभेल असं. फोनवरून तबकडी कुठे दिसते? टिकटिक ती टिकटिक.

मंगळवार, २६ मे. सकाळी ६.३०

नवं घड्याळ फोनला लावलं. मग:

"पावणं, हे आपलं न्हाय."

मी म्हटलं, आपलंच आहे मामा.

"मोजा की. आपलं सेकंदाला पाच टोले टाकतंय. हे सहा टाकतंय."

मी म्हटलं, उन्हाने धातू प्रसरण पावतो.

"सकाळी सहाला?"

मी म्हटलं, सोलापुरात पावतो. मग नेटवर्क गेलं. मीच घालवलं.

इंद्रायणी म्हणते, खरं सांगून मोकळे व्हा. सांगणारच आहे. फक्त आधी घड्याळ नीट होऊ दे, म्हणजे सांगण्यासारखं काही उरणार नाही.

बुधवार, २७ मे

६.०५ ला फोन आलाच नाही. सात वाजेपर्यंत फोनसमोर बसलो. इतकी भीती फोन येण्याचीही वाटली नव्हती. ९.४० ला इंद्रायणीच्या फोनवर मेसेज: मामा उद्या सकाळच्या गाडीने येतायत.

संकल्प: स्टेशनवरच खरं सांगणे. तीन वाक्यं पाठ केली आहेत. पहिलं वाक्य हवामानाबद्दल आहे.

गुरुवार, २८ मे. संध्याकाळी ६.००

स्टेशनवर हवामानाचं वाक्य म्हटलं. मामा म्हणाले, "कुटल्या दुकानात हाय?"

दुसरं-तिसरं वाक्य लागलंच नाही.

कुमारच्या टेबलावर काचेखाली घड्याळाचे सुटे भाग मांडलेले होते. मी दारातच थांबलो. मामा मात्र स्टूल ओढून बसले आणि अडीच तास उठले नाहीत. कुमार चिमट्याने एकेक चाक बसवत होते. स्प्रिंग वाचली होती. मामांनी विचारलं, "तेल कुनी सोडलं म्हनला?" कुमारनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "आधीच्या मालकांनी," कुमार म्हणाले. फार सभ्य माणूस.

"आधीचा मालक म्या," मामा म्हणाले.

नंतर चहा पिताना हळूच म्हणाले, सोमवारीच कळलं होतं. "मिक्सरमागं बी पळताना ऐकलं की." मग बोलला का नाहीत? "अधिक महिन्यातलं वाण. जावयाला दिलेलं परत मागत न्हाईत. आन् तुमी सांगाल, वाटलं. रोज वाट बघितली, पावणं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी तयार होतो.

साडेतीनला घड्याळ सुरू झालं. मामांनी कानाला लावलं. पाच. मी मनगट पुढे केलं. वाण परत मागत नाहीत, हे त्यांनीच सांगितलं होतं. मामांनी घड्याळ खिशात घातलं. घरी आल्यावर इंद्रायणीला हाक मारली आणि तिच्या मनगटावर बांधलं. पट्टा शेवटच्या भोकातही सैल. "घरातल्या घरातच हाय," मला म्हणाले. मग माझ्या हातातल्या नव्या घड्याळाकडे बोट दाखवून: "ते तुमचं. त्येला उघडा, तेल सोडा, काय बी करा."

इंद्रायणी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन घड्याळ कानाला लावताना दिसली.

शुक्रवार, २९ मे. सकाळी ६.३०

६.०५ ला फोन. तिच्या फोनवर. मिनिटभर घड्याळ, मग वीस मिनिटं बापलेकीच्या गप्पा. सासूबाईंचा गुडघा, माढ्याचं पाणी, मैंदर्गीची मैत्रीण. मामा हसले. फोनमधून ऐकू आलं. ते हसतात, ही माहिती नवीन आहे.

एकूण पाहता हे योग्यच झालं. फोन येतो तेव्हा तिचं चावी देणं चालूच असतं, दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे फोन घड्याळाजवळ धरायला तिसरा हात लागतो. तो मी देतो. फोन घड्याळापासून फार लांब नको, फार जवळही नको. काम दिसतं तितकं सोपं नाही.