शीलाताईंच्या पुस्तकापायी मार

रविवार, संध्याकाळ, दिग्रस

ओठ अजून ठणकतोय. आज वाचनालयात बोरी अरबच्या लेखिका शीलाताई आपल्या गावावरची नवी कादंबरी वाचून दाखवत होत्या. चार जण घुसले. "गावाची बदनामी कायले करता?" म्हणत पुस्तकं फाडू लागले. एकानं ताईंचे केस धरले. आम्ही वाचक खुर्च्यांना चिकटलेलो. मीसुद्धा! इतकी वर्षं त्यांना कौतुकाची पत्रं लिहिली, ती कशासाठी?

मग उठले आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्यानं तोंडावर ठोसा हाणला. माझं रक्त पाहून मागच्या बाया खुर्च्या उचलून धावल्या. चौघं पळाले.

ताई म्हणाल्या, "तुले लय लागलं ना वं?"

"तुमी वाचा, ताई. आमी दारात उभ्या राहतो."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.